गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी

सेंद्रिय प्रमाणपत्राचा अर्ज भरायला बसले आणि दुसऱ्याच पानावर अडकले. प्रक्रिया केंद्रात वापरल्या जाणाऱ्या सर्व पदार्थांची यादी जोडायची होती. मला वाटलं, कोकम, साखर, जिरं, मीठ लिहिलं की झालं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून प्रमाणन संस्थेच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, सर्व म्हणजे सर्व. दाराच्या आत जे जे येतं ते. लादी पुसायचं औषधसुद्धा."

मग एका रविवारी मी आणि पॅकिंगच्या ताई वही घेऊन रबाळ्याच्या गाळ्यावर गेलो. एमआयडीसीत रविवारी शुकशुकाट असतो, आजूबाजूची यंत्रं बंद, त्यामुळे कामाला निवांतपणा होता. एकेक कपाट रिकामं करत गेलो. सोडियम बेन्झोएटचा डबा, सायट्रिक अ‍ॅसिडची पिशवी, पेक्टिनची पाकिटं, बाटल्या धुवायचा सोडा, लेबलांचा गोंद, वाफेच्या कढईच्या बॉयलरमध्ये घालायची पावडर, झुरळांचं जेल, उंदरांच्या वड्या, मोटारीचं ग्रीस. संध्याकाळी मोजलं तर त्रेचाळीस वस्तू! नऊ वर्षं मी ठाण्याच्या आंबा महोत्सवात स्टॉलवर उभी राहून सांगत आले होते, "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं." ती वही पिशवीत घालून ठाण्याची लोकल पकडली, तेव्हा ऐरोली येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी काही बोललो नाही.

आमचा माल दोनच प्रकारचा, अमृत कोकम आणि आंब्याचा जॅम. कोकम आणि आंबा, दोन्ही सिंधुदुर्गातल्या एका शेतकरी गटाकडून येतं. त्या गटाने आपलं प्रमाणपत्र आधीच मिळवलं होतं, बागांचा तीन वर्षांचा रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ संपवून. फळ सेंद्रिय, पण माझ्या गाळ्यातून बाहेर पडलेली बाटली मात्र सेंद्रिय नाही, अशी ती स्थिती होती. 2017 साली एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सेंद्रिय अन्नाचे नियम आणले. तेव्हापासून थेट गिऱ्हाइकाला विकणारा छोटा शेतकरी सोडला तर बाकीच्यांना प्रमाणित झाल्याशिवाय पाकिटावर 'सेंद्रिय' हा शब्द लिहिता येत नाही. प्रमाणित होण्याची एक वाट पीजीएसची, म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची खातरजमा करण्याची, दुसरी एनपीओपीची. एनपीओपी म्हणजे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम, 2001 पासून चालू असलेला, आणि त्याचं काम पाहते अपेडा, शेतमालाच्या निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था. अपेडाचं मुंबईचं कार्यालय वाशीलाच, एपीएमसीच्या म्हणजे घाऊक बाजाराच्या परिसरात. आम्ही दुसरी वाट धरली.

तेव्हा माझी समजूत अशी होती की नैसर्गिक ते चालतं, केमिकल ते चालत नाही. त्रेचाळीस वस्तूंवर मी पेन्सिलीने बरोबर आणि फुलीच्या खुणा केल्या होत्या. मॅडम पाहणीला आल्या, वही वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "यातल्या बऱ्याच खुणा उलट्या होतील."

त्यांनी सांगितलेलं मी त्याच वहीत लिहून ठेवलं आहे. एनपीओपीच्या निकषांना परिशिष्टं जोडलेली असतात. शेतात घालायच्या खतांचं वेगळं, कीडनियंत्रणाचं वेगळं, अन्नप्रक्रियेतल्या पदार्थांचं वेगळं. प्रक्रियेच्या यादीत नाव असेल तर चालतं, नसेल तर नाही. पण एखादं नाव यादीत घ्यायचं की नाही हे ठरवताना विचारायचे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. हा पदार्थ नसेल तर माल बनतच नाही का? तो कशापासून आणि कसा तयार होतो? बनवताना आणि वापरल्यावर माती-पाण्याचं काय होतं? खाणाऱ्याच्या तब्येतीचं काय? आणि तो घातल्याने गिऱ्हाइकाची मालाबद्दल फसगत होते का? 1999 साली कोडेक्सने, म्हणजे अन्नाचे जागतिक मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने, सेंद्रिय अन्नाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हीच प्रश्नांची साखळी आहे. 'नैसर्गिक आहे का' एवढ्यावर कुठेच थांबलेले नाहीत.

सोडियम बेन्झोएटचंच घ्या. क्रॅनबेरीत बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असतं, दालचिनीतही असतं. डब्यातलं मात्र टोल्युइनपासून कारखान्यात बनतं. सरकारी मर्यादेत साध्या सरबतात ते घालायला परवानगी आहे, त्यात बेकायदा काही नाही. सेंद्रिय यादीत मात्र ते नाही, कारण त्याच्यावाचून सरबत टिकवता येतं. पहिल्याच प्रश्नावर ते नापास होतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला आम्ही केएमएस म्हणतो, ते यादीत आहे पण वाइनपुरतं. सरबताला नाही.

याच सुमारास आम्हाला एक सल्लागार भेटले होते, कागदपत्रं करून देणारे. ते म्हणाले, "बेन्झोएट यादीत लिहूच नका. डबा आत ठेवून द्या, बाटली कोण तपासतंय?" पहिल्या भेटीचे पैसे देऊन मी त्यांना नमस्कार केला. आजही आठवलं की राग येतो. गटातल्या शेतकऱ्यांनी तीन तीन वर्षं कळ काढायची आणि शेवटच्या टप्प्यावर आम्ही डबा लपवायचा?

साखरेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मीठ आणि पाणी वजा करून उरलेल्या वजनात पंचाण्णव टक्के घटक सेंद्रिय असतील तरच 'सेंद्रिय' लिहिता येतं. अमृत कोकमात वजनाने सगळ्यात जास्त असते ती साखर! कोकम कितीही चोख असो, साखर साधी असेल तर गणित जमतच नाही. आपल्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस गंधकाच्या धुराने निवळतात, म्हणून साखर पांढरीशुभ्र होते. सेंद्रिय साखर गंधकाशिवाय बनते, रंगाने पिवळसर असते आणि महाग पडते. ती आणायची तर विकणाऱ्याकडून प्रत्येक खेपेला टीसी घ्यावा लागतो, म्हणजे व्यवहाराचं प्रमाणपत्र. टीसीशिवाय पोतं दारात घेता येत नाही. या साखरेने आमच्या सरबताचा लाल रंग किंचित तपकिरीकडे झुकला. जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं, आम्ही कारण सांगितलं, बहुतेकांना पटलं.

आता बेन्झोएटशिवाय टिकवायचं कसं, या प्रश्नाने मात्र माझा अख्खा उन्हाळा खाल्ला.

पहिल्या चाचणीत चाळीस बाटल्या भरल्या. पाक बासष्ट ब्रिक्सचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण बासष्ट ग्रॅम साखर; पंचाऐंशी अंशांवर गरम असतानाच भरून झाकणं लावली आणि खिडकीपाशी ओळीने ठेवल्या. मे महिना, पत्र्याचं छप्पर. तिसऱ्या आठवड्यात पॅकिंगच्या ताई हाक मारत आल्या. सहा बाटल्यांची झाकणं फुगली होती. एक उघडली तर सोडा उघडल्यासारखा आवाज आला आणि ताडीसारखा वास.

बासष्ट ब्रिक्स कमीच, हे मलाही कळत होतं. त्या साखरेतही तग धरणारे यीस्ट असतात. पाक अडुसष्टवर नेला. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण मिटून उजेडाकडे धरायचं, आत निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे पडेल तो आकडा. थेंब गार करून मग टाकायचा, गरम थेंबावर आकडा चुकीचा येतो. अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट, अशी खात्री करून दुसऱ्या चाळीस भरल्या. त्यांतल्याही दोन फुगल्या. त्या दोन बाटल्यांनी मला रडवलं.

नौपाड्याला घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर कुडाळकडचं, त्यांनी आयुष्यभर चिनी मातीच्या बरणीत अमृत कोकम घातलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटल्या ओल्या होत्या का गं?" दुसरा, "वरती साखर टाकलीस का?" मी म्हटलं, आई, बाटलीत वरती साखर कशी टाकणार? त्या म्हणाल्या, "बरणीत आम्ही कोकमाची साल आणि साखर थरावर थर देतो, पण शेवटचा थर कायम साखरेचा. वरती पाणी सुटतं ना, बुरशी तिथेच धरते. आणि लोणच्याला ओला चमचा लावत नाहीत, मग सरबताला ओली बाटली कशी चालेल?"

रात्री झोपच आली नाही. गरम पाक बाटलीत ओतला की वरच्या मोकळ्या जागेत वाफ धरते, गार होताना झाकणाखाली तिचे थेंब होतात आणि पाकाच्या वरच्या थरावर टपकतात. खाली अडुसष्ट ब्रिक्स, पण वरच्या बोटभर थरात पाक पातळ. यीस्टला तेवढी जागा पुरे. सासूबाई ज्याला वरचं पाणी म्हणत होत्या ते हेच. सकाळी उजाडल्यावर गाळ्यात जाऊन एक बाटली उजेडात धरली. झाकणाच्या आत खरंच दवासारखे थेंब होते.

त्यानंतर धुतलेल्या बाटल्या उलट्या टांगून पूर्ण कोरड्या करायला लागलो, पाक गळ्यापर्यंत भरला, आणि झाकण लावल्याबरोबर बाटली आडवी करून दोन-तीन मिनिटं तशीच ठेवली, म्हणजे गरम पाक झाकणाला आतून लागतो. मोठी बाटली बंद केली, अर्ध्या लिटरचीच ठेवली, कारण उघडलेली बाटली लवकर संपली पाहिजे. तिसऱ्या चाळीसमधली एकही फुगली नाही. वर्षभर मी त्या मोजत राहिले. बेन्झोएटचा डबा त्याच सुमारास गाळ्याबाहेर गेला.

सायट्रिक अ‍ॅसिडची गोष्ट याच्या उलटी. ते आता लिंबापासून बनत नाही, साखरेच्या द्रावणावर एक बुरशी वाढवून बनवतात. यादीत मात्र ते आहे. मी खूश झाले. मॅडमनी विचारलं, "पण तुम्ही ते का घालता?" म्हटलं, आंबटपणासाठी. "कोकम आंबट नाही का?" मी गप्प झाले. खरं कारण असं होतं की ज्या वर्षी फळ महाग, त्या वर्षी आम्ही फळ थोडं कमी घालून आंबटपणा सायट्रिकने भरून काढायचो. परवानगी असलेल्या पदार्थानेही गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकते, हे त्या एका प्रश्नाने समोर आणलं. यादीत असूनही आम्ही ते सोडलं. तो निर्णय आमचा, मॅडमचा नव्हे. त्यांनी फक्त विचारलं होतं, आणि शिवाय जनुकीय बदल केलेली बुरशी वापरली नाही असा उत्पादकाचा कागद मागितला होता, तोही आम्हाला मिळत नव्हता.

जॅम घट्ट करणाऱ्या पेक्टिनवर मात्र मी हमखास बरोबरची खूण केली होती. संत्र्या-लिंबाच्या सालीचं, सफरचंदाच्या चोथ्याचं, त्यात काय वाईट? मॅडमनी पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतली ओळ दाखवली. अमायडेटेड. म्हणजे अमोनियाची प्रक्रिया करून बदललेलं पेक्टिन, जे लवकर आणि छान घट्ट होतं. यादीत पेक्टिन आहे, पण न बदललेलं. नाव एकच, फळ एकच, बनवण्याच्या तऱ्हेवरून एक आत, एक बाहेर. साधं पेक्टिन मिळत होतं, पण हाताशी गटाच्याच बागेतली कैरी होती. कच्च्या आंब्यात पेक्टिन जास्त असतं. वळवाच्या पावसात गळून पडलेल्या कैऱ्या गटाकडून घेतल्या, उकडून गर काढला आणि पक्क्या आंब्याच्या गरात मिसळला. जॅम पूर्वीइतका थरथरीत राहिला नाही, जरा सैलसर झाला आहे. चव मला तरी अधिक आवडते.

गोदामाचं थोडक्यात सांगते. शेजारच्या गाळ्यात धान्याला गोळ्या लावून धुरी देतात, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. सेंद्रिय मालाला ती चालत नाही, मिथाइल ब्रोमाइड चालत नाही, इथिलीन ऑक्साइडही नाही. 2020 साली युरोपात आपल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि किती माल परत आला, ते एपीएमसीतल्या लोकांना आठवत असेल. आम्ही सगळ्या फटी बुजवल्या, खिडक्यांना जाळ्या लावल्या, उंदरांना पिंजरे. शेजाऱ्यांना विनंती केली की धुरीच्या आधी एक दिवस कळवा. ते कळवतात, आणि आम्ही त्या दिवशी पोती उचलून आतल्या खोलीत नेतो.

या सगळ्यात एकदा गटाच्या बैठकीला कुडाळला गेले होते. सासूबाईंचे चुलतभाऊ त्याच गटात आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या पोफळीच्या बागेतच कोकमाची झाडं आहेत. मामा पावसाआधी पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारतात, सुपारी सडवणारा कोळेरोग येऊ नये म्हणून. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिसळून झालं की त्यात विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी, अजून घालायचा. मी विचारलं, मामा, मोरचूद चालतं यादीत? चालतं, पण बंधनं घालून. कारण तांबं मातीत कुजत नाही, साठत जातं. युरोपात तर सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलो तांबं, एवढंच वापरता येतं. मामा किती फवारलं ते वहीत लिहितात, तारखेसकट.

ते नाराज होते ते तंबाखूच्या काढ्यावर. "झाडपाल्याचा असा ता, वायट कसा असतला?" पूर्वी मिरीवर ते सर्रास फवारायचे, आता काढाही विचारून वापरावा लागतो आणि बाटलीतलं निव्वळ निकोटिन तर अजिबात नाही. मी त्यांना अमेरिकेच्या यादीबद्दल सांगितलं. तिथे दोन बाजू आहेत. कृत्रिम पण परवानगी असलेले पदार्थ एकीकडे, आणि नैसर्गिक असूनही बंदी असलेले दुसरीकडे. या दुसऱ्या बाजूला आर्सेनिक आहे, स्ट्रिकनिन म्हणजे कुचल्यातलं विष आहे, तंबाखूची भुकटी आहे. कुचला म्हटल्यावर मामा हसले. त्यांच्या बांधावर काजरा आहे, त्याच्या बिया कोणी तोंडात घालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

अमेरिकेतली आणखी एक पद्धत मला फार पटली. तिथल्या पंधरा जणांच्या मंडळात शेतकरी, प्रक्रिया करणारे, ग्राहक, पर्यावरणाचे जाणकार, शास्त्रज्ञ बसतात, आणि यादीतल्या प्रत्येक पदार्थाची दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते. सागरी शेवाळातून काढलेलं कॅराजिनन 2016 साली त्या मंडळाने यादीतून काढा म्हटलं, 2018 साली कृषी खात्याने ते ठेवलं. निर्णय कुणाला पटो न पटो, दोन्ही बाजूंची कारणं लोकांना वाचता आली. आपल्याकडेही परिशिष्टातल्या प्रत्येक नावापुढे ते तिथे का आहे, किंवा का नाही, हे चार ओळी मराठीत लिहिलं तर मामांसारख्या माणसाला 'नाही' एवढंच ऐकावं लागणार नाही. छोट्या युनिटला कागदांचा भार सोसत नाही हेही खरं आहे. आठवड्याचा एक दिवस माझा फक्त नोंदींत जातो. पण कारण कळलं की नोंद ठेवणं जड वाटत नाही, निदान मला तरी.

प्रमाणपत्र मिळालं, दर वर्षी नवं करावं लागतं. यंदा पुन्हा यादी केली. त्रेचाळीसच्या अठ्ठावीस झाल्या. अमृत कोकमाच्या लेबलावर आता चारच शब्द आहेत: कोकम, साखर, जिरं, मीठ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला. कृषी सेवा केंद्रातून त्यांना कुणीतरी एक बाटली दिली होती, हिरवं लेबल, पानांचं चित्र, मोठ्या अक्षरांत 'ऑरगॅनिक', बुरशीवर रामबाण. "बाय, ह्या यादीत असा काय बघ गो." मी म्हटलं, मामा, मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आत काय आहे ते वाचते. फोटो आला. मागच्या बाजूला वापरायचं प्रमाण होतं, कंपनीचं नाव होतं, आत नेमकं काय आहे ते कुठेच नव्हतं.

फोन करून सांगितलं, आत काय आहे ते लिहिलेलंच नाही, तर मी यादीत शोधू काय? मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरा. परत देतंय." मागून मामींचा आवाज ऐकू आला, चुन्याची पिशवी कुठे ठेवली म्हणून त्या विचारत होत्या.